आरशाच्या कॅमेऱ्याचा कौल

मिठबावच्या अलीकडे, रस्ता समुद्राकडे वळतो त्या तिठ्यावर गुरुदासचा फोटो स्टुडिओ आहे. अर्ध्या दुकानात गुरुदासचा निळा पडदा, दिवे आणि स्टूल. उरलेल्या अर्ध्यात त्याच्या बायकोचं, सावित्रीचं, झेरॉक्स मशीन आणि कॉम्प्युटर. पंचक्रोशीतल्या बहुतेक सगळ्या लग्नांत, मुंजीत, बारशांत वर्षानुवर्षं गुरुदासच उभा असतो. नवरा-नवरी हार हातात घेऊन थांबतात, भटजी अक्षता मुठीत धरून थांबतात, आणि गुरुदास "हां, आता!" म्हणाला की लग्न पुढे सरकतं. मुहूर्त पंचांगात असतो हे खरं, पण तो लागला की नाही हे आमच्याकडे गुरुदास ठरवतो.

या गुरुदासचं एक तत्त्वज्ञान होतं. फोटो आधी ऐकू यायला पाहिजे. त्याच्याकडे मोठा काळा फुल-फ्रेम डीएसएलआर होता. त्याच्या पोटात आरसा. बटण दाबलं की आरसा वर उडायचा आणि 'खटॅक' असा दणदणीत आवाज व्हायचा. मांडवाच्या टोकाला पंगतीत बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळायचं की फोटो निघाला.

"खटॅक झाला की माणूस सैल पडता," गुरुदास सांगायचा. "खटॅक नाय झाला तर तो पोट आत वढून तसोच बसतलो, सांजपर्यंत."

त्यात तथ्य नव्हतं असं नाही. गावातले बरेच बापे अजूनही त्या आवाजापर्यंत श्वास रोखून धरतात.

तर या कॅमेऱ्यात गेल्या वर्षी धुकं शिरलं. म्हणजे गुरुदासच्या म्हणण्याप्रमाणे शिरलं. डोळा लावला की नवरीची नथ दिसायच्या ऐवजी दुधात काहीतरी पडल्यासारखं दिसायचं. किनाऱ्यावरच्या फोटोवाल्याला याचं कारण कुणी शिकवावं लागत नाही. खारा वारा, वर चार महिने पाऊस. लेन्सला बुरशी धरायचीच. त्यावरचा घरगुती उपायही ठरलेला. एका सकाळी सावित्रीने तांदूळ काढायला पिंपात हात घातला आणि हाताला लेन्स लागली.

"ह्या काय?"

"सुकत ठेवलंय. तांदूळ पाणी वढतत."

"आनी आज काय शिजवू? फ्लॅश?"

लेन्स महिनाभर तांदळात राहिली, धुकं हटलं नाही. मग गुरुदासने ती कोल्हापूरला दुरुस्तीला पाठवली. तिथल्या कारागिराने ती उघडून, पुसून परत पाठवली आणि फोनवर सांगितलं, "काका, लेन्स एकदम स्वच्छ आहे हो. बुरशीबिरशी काही नाही." गुरुदासने फोन ठेवला आणि सावित्रीला ऐकवलं, "कोल्हापूरवाल्यांका समुद्र काय म्हायत?"

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण दुसऱ्याच्या अंगणाकडे बघून म्हणतो. गुरुदासने बॅटरी बदलली, पट्टा बदलला, चष्म्याची काच शर्टाच्या टोकाने पुसून पुसून झिजवली. एकच गोष्ट तपासायची त्याने टाळली असं वाटेल, पण ते तसं नव्हतं. ती त्याने सगळ्यात आधी तपासली होती. एकदा विहिरीवर तोंड धुताना त्याने डावा डोळा हाताने झाकला आणि समोरच्या माडाकडे पाहिलं. माड नव्हता. नुसता उजेड होता. त्याने हात झटकन काढला, माड जागेवर आला, आणि त्यानंतर त्याने पुन्हा कधी तसं केलं नाही.

त्याला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर त्याने नवा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. कॅमेरा बिघडला तर दुसरा आणता येतो. डोळा बिघडलेल्या फोटोवाल्याचं काय करायचं? त्याला लग्नाला कोण बोलावणार? मग उरलं काय, तर बायकोच्या बाजूला बसून सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढणं. या एका भीतीने तो आतून पोखरला होता, आणि बाहेरून मात्र गावभर एकच विषय लावून बसला होता: फुल-फ्रेम डीएसएलआर घ्यावा की बिनआरशाचा मिररलेस?

मिररलेसची बाजू मांडायला जितेंद्र होता. जितेंद्र एकेकाळी गुरुदासच्या हाताखाली शिकला, आता लग्नात व्हिडिओ त्याचा आणि फोटो गुरुदासचे अशी वाटणी होती. त्याच्याकडे छोटासा मिररलेस होता, त्यानेच तो दोन्ही कामं करू शकत असे.

"दादानू, आता कंपन्या आरशाचे कॅमेरे काढूच्या बंद झाल्यात. ह्यो बघा, ह्येका डोळो सापडता. माणूस हललो तरी फोकस डोळ्यारच."

"कॅमेऱ्याक डोळो सापडता, मगे फोटोवाल्यान काय करूचा? बटणार बोट ठेवन झोपूचा?"

"आनी आवाज नाय. भटजी पण दचकणत नाय."

"आवाज नाय म्हणजे कॅमेरो न्हय, चोर," गुरुदास म्हणाला. "हातच्या कांकणाक आरसो नको, कॅमेऱ्याक होयो."

पण बोलता बोलता जितेंद्रने तो कॅमेरा त्याच्या हातात दिलाच, आणि गुरुदासने तो जन्मभराच्या सवयीने उजव्याच डोळ्याला लावला. आत आरसा नव्हता, इवलासा पडदा होता, आणि त्या पडद्याने संध्याकाळचा काळोख उजळून टाकला होता. समोर रस्त्यावर मासे विकून परतणाऱ्या बायका चालल्या होत्या. एकीच्या केसांतला अबोलीचा वळेसर भडक केशरी दिसला. धुक्यातून का होईना, पण रंग दिसला. कितीतरी महिन्यांनी त्या डोळ्याला काहीतरी दिसलं होतं. त्याने कॅमेरा झटक्यात परत केला.

"टीव्ही बघल्यासारख्या दिसता," तो म्हणाला आणि दुकानात आत गेला.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. मिररलेस घ्यावा तर डोळा गेल्याची कबुली दिल्यासारखं. डीएसएलआर घ्यावा तर दिसणार काय, कपाळ? कोल्हापूरच्या दुकानदाराकडे शेवटचा एक फुल-फ्रेम डीएसएलआर खोक्यात पडून होता, तो त्याने गुरुदाससाठी राखून ठेवला आणि दर आठवड्याला फोन करून विचारू लागला. गुरुदास दर आठवड्याला "इचार चालू आसा" असं सांगू लागला.

सावित्रीने एकदा हळूच म्हटलं, "मालवणात डोळ्यांचो डाक्टर बसता. कॅमेऱ्याच्या आदी..."

"माझ्या डोळ्याचा नाव काढू नको हां!" गुरुदास असा ओरडला की झेरॉक्स काढायला आलेला माणूस कागद न घेताच गेला. मग दोन दिवस तो जेवताना बोलला नाही. सावित्रीने तो विषय मिटवला आणि ती आधीपासून गुपचूप जे करत होती ते करत राहिली. काय, ते पुढे येईलच.

शेवटी गुरुदासने आमच्याकडचा माणूस अडला की करतो ते केलं. देवाला विचारायचं ठरवलं.

कौल हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे विहीर खणायची, मुलीचं स्थळ पक्कं करायचं, म्हैस घ्यायची, असं काहीही असलं तरी रवळनाथाच्या देवळात जाऊन गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतात. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे पाण्यात भिजवलेले फुलांचे लाल कळे चिकटवतो आणि सवाल घालतो. उजवा कळा पडला तर एक उत्तर, डावा पडला तर दुसरं. देवाला आजवर हजार गोष्टी विचारल्या असतील, पण कॅमेऱ्याचं मॉडेल पहिल्यांदाच विचारलं जाणार होतं. सोमवारी सकाळी अर्धा गाव देवळात हजर झाला.

बाबली गुरव गुरुदासच्याच वयाचा, शाळेपासूनचा सोबती. त्याच्या मुलीचं, भक्तीचं, लग्न याच वर्षी झालेलं. फोटो अर्थात गुरुदासचे. बाबलीने कळे चिकटवले, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक.

"आज ह्यो गुरुदास तुझ्या पायाकडे इलो हा. तेका नवो कॅमेरो घेवचो आसा. एक आसा आरशाचो, एक आसा बिनआरशाचो."

"व्हय म्हाराजा!"

"आरशाचो घेवचो आसात तर उजवो कळो दी. बिनआरशाचो घेवचो आसात तर डावो दी. आनी गावची लग्ना जशी आजपर्यंत तेच्या हातसून निघाली, तशीच फुडे निघांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गुरुदास सर्वांत पुढे, गाभाऱ्याच्या उंबऱ्याला लागून बसला होता. ज्याचा सवाल त्याची जागा तिथेच. आत काळोख, काळा पाषाण, दोन समया. गुरुदासला दोन समयांच्या जागी दोन मोठी पिवळी कडी दिसत होती, आणि त्या कड्यांच्या मध्ये देव असणार असं तो धरून चालला होता. कळे कुठे आहेत याचा त्याला पत्ताच नव्हता. तो डोळे न मिटता बघत राहिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मागच्या बायकांना वाटलं, भक्तीने येतंय.

बराच वेळ गेला. तेवढ्यात उजवा कळा किंचित सरकला, आणि थांबला. मागून पन्नास तोंडांतून एकदम "हां..." असा श्वास सुटला.

गुरुदासने तो श्वास ऐकला. कळा पडला, दुसरं काय असणार! आणि आमच्याकडे शुभ कौल उजवाच असतो.

"उजवो!" तो ओरडला. "आरशाचो! देवान आरशाचो दिलो!" आणि त्याने उंबऱ्याबाहेर साष्टांग दंडवत घातला.

तो उठला. 'व्हय म्हाराजा' नाही, घंटा नाही. बाबली त्याच्याकडे बघत होता.

"गुरुदास," बाबली हळू आवाजात म्हणाला, "कळे दोनय थंयच आसत."

"खंय?" गुरुदास म्हणाला.

त्या एका शब्दाने सगळं उघडं पडलं. दोन हातांवर असलेला लालभडक कळा ज्याला शोधावा लागतो, त्याच्याबद्दल गावाला आणखी काही विचारायचं उरत नाही. कुणी हसलं नाही, तेच गुरुदासला जास्त लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती त्याने देवाच्या पुढ्यात स्वतःच उघडून दाखवली होती. तो लाल झाला, आणि माणूस लाल झाला की बोलू नये ते बोलतो.

"माझ्या डोळ्याक काय एक झालेला नाय! बाबली, तुझ्या भक्तीच्या लग्नाचो आल्बम बघलंस मा? नथीतलो एकेक मोती मोजून घे! आंधळो माणूस काढीत असे फोटो? ह्या वर्सात जेवढे आल्बम दिलंय, त्या एकाचो तरी फोटो हललो काय, सांगा!"

"आल्बम बेस आसा, ता खरा," बाबली म्हणाला. मागे भिंतीला टेकून उभा असलेला जितेंद्र आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. बाबलीने कळे उतरवले. "देव बोलणा नाय म्हणजे सवाल चुकलो. घराक जावा. सवाल बरोबर करून येवा."

सावित्री बायकांतून उठली आणि म्हणाली, "चला."

देवळाबाहेर ती दीपमाळेच्या कट्ट्याकडे चालू लागली. गुरुदासची बडबड चालूच होती. देवाचा मूड, समयांचं तेल, बाबलीने कळे जास्त ओले केले. कट्ट्यापाशी सावित्री थांबली.

"भक्तीच्या लग्नाचे फोटो तुमचे न्हयत."

"मगे कोणाचे?"

"जितूचे. ह्या वर्सात दिलेले सगळे आल्बम जितूचे."

"आनी माझे खंय गेले?"

"गेल्या साली त्या पयल्या लग्नात नवरी धुक्यात आनी तिच्या मागलो मामो लख्ख इलो. आठवता? तुमी म्हणालास, नवी स्टाइल आसा. मी त्या लोकांचे पाय धरूक बाकी ठेवलंय. तेच्या फुडे मी जितूक सांगलंय, व्हिडिओ करता करता फोटो पण काढीत जा. दादांच्या खांद्यामागसून, नायतर समोरसून, जमात तसो. आल्बम मीच बनयतंय. तुमचे भायर काढतंय, तेचे घालतंय."

"माझ्या खांद्यामागसून? वर्सभर?"

"व्हय."

"आनी माका आवाज कसो येवक नाय?"

सावित्रीला हसावं की रडावं कळेना. "तेका आवाज नाय मा," ती म्हणाली. "तुमीच सांगतास सगळ्यांका."

गुरुदास कट्ट्यावर बसला. राग यायला हवा होता, त्याने वाटही बघितली, पण तो आला नाही. त्याऐवजी त्याला एकेक आल्बम आठवू लागला. तो हातभर लांब धरून, डाव्या डोळ्याने पाहून, गिऱ्हाइकाला ऐकवलेलं भाषण आठवलं: बघा, ह्यो रंग आरशाच्या कॅमेऱ्यातच येता, त्या बिनआरशाच्या खेळण्याक जमूचो नाय. एकदोनदा त्याच्या मनात आलंही होतं की अरे, हा कोन मी कधी घेतला? आणि त्याने स्वतःचीच पाठ थोपटली होती. ते सगळं आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सगळ्या गावाक म्हायत?"

"नाय. माका आनी जितूक," सावित्री म्हणाली. "आनी आता देवाक."

"माका कित्या सांगलंस नाय?"

"डाक्टराचा नाव काढला तर दोन दीस बोलणत नाय तुमी. ह्या सांगलेला असता तर काय केला असतात?"

तो उठला, धोतराला लागलेली दंडवताची धूळ झटकली आणि म्हणाला, "मालवणची गाडी कितीक सुटता?"

डॉक्टरांनी डोळ्यात उजेड पाडून पाहिला. "मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. डाव्यालाही सुरुवात झालीय. इतके दिवस काय करत होतात?"

"कॅमेरा बघत होतो," गुरुदास शुद्ध मराठीत म्हणाला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा समोर सावित्री उभी होती. गुरुदास तिच्याकडे बघतच राहिला. नर्सला वाटलं, काही बिघडलं.

"केस कधी पिकले गो तुझे?"

"तुमी कॅमेरो शोधी होतात तेवा."

घरी आल्यावर डॉक्टरांनी परवानगी देताच तो पहिल्यांदा तिच्या कॉम्प्युटरपुढे बसला. "माझे दाखव," तो म्हणाला. "आल्बमात गेले नाय ते."

सावित्रीने नको म्हटलं. तो हटला नाही. मग तिने भक्तीच्या लग्नापासून उघडून दिले. नवरी धुक्यात, मंडप लख्ख. नवरा धुक्यात, केळीचा खांब लख्ख. बाबली धुक्यात, त्याच्यामागे पंगतीत वाढणाऱ्याच्या हातातली सोलकढीची बादली इतकी लख्ख की त्यातली कोथिंबीर मोजावी. गुरुदास एकेक फोटो पुढे ढकलत होता. सावित्री दाराशी उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत होती. त्याचे खांदे हलत होते, आणि तो रडतोय असं वाटून ती पुढे आली.

तो हसत होता. पडद्यावर अंतरपाट दूर होतानाचा फोटो होता. हार हातात घेतलेले दोघेही नुसते रंगाचे डाग. आणि त्या दोघांच्या मधल्या फटीतून, मागे, गुडघ्यावर बसलेला, छोटा कॅमेरा डोळ्याला लावलेला जितेंद्र. पापणी न् पापणी स्पष्ट. कॅमेऱ्याचं तोंड सरळ नवरीकडे. वर्षभर ज्या चोरीचा त्याला पत्ता नव्हता, तिचा अस्सल पुरावा त्याने स्वतःच, खटॅक करून, काढून ठेवला होता.

"ह्यो मोठो करून काढ," तो म्हणाला. "वर्सभरात माझो एकच फोटो फोकसात इलो हा."

तो फोटो आता स्टुडिओत निळ्या पडद्याच्या वर टांगलेला आहे. नवरी कोण, असं लोक विचारतात, तेव्हा गुरुदास म्हणतो, नवरीचा काय घेवन बसलास, मागचो बघ.

कौलाला तो परत गेला नाही. बाबलीने विचारलं तर म्हणाला, सवाल बरोबर झालो. कोल्हापूरला फोन करून त्याने तो राखून ठेवलेला डीएसएलआर सोडून दिला आणि जितेंद्रकडे आहे तसलाच मिररलेस मागवला. खोकं उघडलं त्या दिवशी जितेंद्र समजावून द्यायला आला होता. गुरुदासने कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला, रस्त्याकडे धरला, बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही.

"निघालो?"

"निघालो, दादानू."

"ह्येच्यात आवाज घालूक येता?"

"येता. खोटो. आरशासारखो."

"घाल."

जितेंद्रने कॅमेरा हातात घेऊन बटणं दाबली आणि परत दिला. गुरुदासने पुन्हा फोटो काढला. खटॅक. झेरॉक्सच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने पोट सैल सोडलं. गुरुदासला बरं वाटलं. मग तो जितेंद्रकडे वळला.

"आता तुझ्याय कॅमेऱ्यात घाल," तो म्हणाला.